चांदीचा मुलामा आणि कृत्रिम दुर्मीळता : कार्टून-पात्रांच्या मद्यपात्रांचा इतिहास

प्रस्तावना

चांदीचे भांडे हे युरोपात दीर्घकाळ संपत्तीचे व प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले. अडचणीच्या प्रसंगी ते वितळवून त्याचे मूल्य वसूल करता येत असे. याउलट, चांदीचा केवळ मुलामा दिलेल्या, कार्टून-पात्रांवर बेतलेल्या आणि मर्यादित आवृत्तीत काढलेल्या मद्यपात्राला वितळवून जवळपास काहीच हाती लागत नाही. तरीही संग्राहक त्यासाठी मोठी किंमत मोजतात. यंत्रोद्योगाने जी दुर्मीळता नाहीशी केली, ती बाजाराने पुन्हा कशी निर्माण केली, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

मुलाम्याचे तंत्र

इंग्लंडमधील शेफिल्ड येथील कारागीर थॉमस बोल्सोव्हर याने १७४० नंतरच्या दशकात तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने सांधण्याची रीत शोधली. पुढे १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी विद्युत्-विलेपनाचे पेटंट घेतले. या पद्धतीत सायनाइडयुक्त द्रावणातून विद्युत्प्रवाह सोडून हलक्या धातूवर चांदीचा पातळ थर चढविला जातो. जर्मन सिल्व्हरसारख्या मिश्रधातूवर असा थर दिला की भांडे चांदीचे दिसे, परंतु किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात राही. अशा रीतीने चांदीची झळाळी आणि चांदीचे मोल यांची फारकत झाली.

मेरिडेन आणि पेंग्विन

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील मेरिडेन हे शहर या उद्योगाचे केंद्र बनले. १८९८ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन तेथे इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनी स्थापन झाली. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात मद्याचे उत्पादन, विक्री व वाहतूक निषिद्ध होती. मद्यप्राशन मात्र गुन्हा नव्हता. परिणामी मद्यपान घराच्या दिवाणखान्यात आले आणि कॉकटेल शेकर ही यजमानाच्या रसिकतेची खूण ठरली. बंदी उठल्यानंतर या वस्तूंचा बाजार खुला झाला. १९३६ मध्ये मेरिडेनच्याच नेपियर कंपनीने एमिल शूल्के यांनी रेखाटलेला पेंग्विनच्या आकाराचा शेकर काढला. त्याच्या अंगावर चांदीचा, तर चोचीवर सोन्याचा मुलामा होता. औपचारिक पोशाखातील गृहस्थाची आठवण करून देणारा हा पक्षी तत्कालीन मिस्कील अभिरुचीचा उत्तम नमुना होय. डिस्नेचा पेंग्विनांवरील कार्टूनपट १९३४ मध्येच पडद्यावर आला होता.

पात्रांचा व्यापार

१९२८ मध्ये अवतरलेल्या मिकी माउसच्या चित्राचे हक्क विकण्याचे काम १९३२ पासून के कामेन यांच्याकडे आले. १९३३ मध्ये इंगरसोल घड्याळावर मिकी झळकला. इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनीने मुलांसाठी मिकीची मुलामा दिलेली भांडी काढली. म्हणजे एकाच शहरात मुलांसाठी मिकीचे चमचे आणि मोठ्यांसाठी पेंग्विनचा शेकर अशा दोन्ही वस्तू घडत होत्या. कार्टून पाहत वाढलेली पिढी प्रौढ झाल्यावर या दोन धारांचा मिलाफ होणे स्वाभाविक होते. बालपणीची ओढ आणि प्रौढपणीची ऐपत या दोहोंना एकत्र आवाहन करणारे कार्टून-मद्यपात्र त्यातूनच आकारास आले.

मर्यादित आवृत्तीचा अर्थ

डेन्मार्कच्या बिंग अँड ग्रॉन्डाल या कारखान्याने १८९५ मध्ये नाताळची चिनीमातीची थाळी काढून तिचा साचा मोडण्याचा प्रघात पाडला. १९६४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या फ्रँकलिन मिंटने मर्यादित आवृत्तीचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर वाढविला. मुलाम्याच्या भांड्याला हे तत्त्व लागू होताच एक विसंगती उघड होते. विद्युत्-विलेपनाने हजारो नग सहज निघू शकतात. म्हणून उत्पादन मुद्दाम थांबवावे लागते. भांड्याच्या तळाशी कोरलेला क्रमांक हे धातूचे नव्हे, तर या संयमाचे प्रमाणपत्र असते. नेपियरचा पेंग्विन मात्र असा क्रमांक न मिरवताही संग्रहालयांत पोहोचला. मूळ नग काळाच्या ओघात विरळ झाले, हे त्याचे कारण होय.

निष्कर्ष

दुर्मीळता दोन प्रकारची असते : एक इतिहासाने घडविलेली आणि दुसरी उत्पादकाने जाहीर केलेली. पहिलीत वापर, झीज व जतन यांची साक्ष असते. दुसरीत केवळ विक्रीचे धोरण असते. मराठीत ‘मुलामा’ हा शब्द वरवरच्या दिखाव्यासाठीही वापरतात. भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकाने हा दिखावा खोटा म्हणून बाजूला सारू नये. समाजाने कोणत्या काळी कशाला मोल दिले, याचा पुरावा त्या पातळ थरातच सापडतो.