गेमिंग संगणकाची घरगुती जोडणी

गेमिंग संगणकाची घरगुती जोडणी म्हणजे संगणकाचे सुटे भाग स्वतंत्रपणे निवडून आणि विकत घेऊन, आधुनिक संगणकीय खेळ चालवू शकेल असा डेस्कटॉप संगणक स्वतःच्या हाताने घरी उभा करणे. बोलीभाषेत यास 'पीसी असेंबल करणे' असे म्हणतात. या कामात डाग देणे, तारा कापणे किंवा विद्युतमंडल तयार करणे अभिप्रेत नसते. सर्व भाग ठरावीक मापांचे असतात, ते नेमून दिलेल्या खाचांत बसतात आणि चौफुली टोकाच्या एका स्क्रू ड्रायव्हरवर बहुतेक जोडणी पूर्ण होते.

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या शहरांत व त्यांच्या परिसरात या कामाला तीन स्थानिक बाबींची जोड मिळते : चाळीस अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा, दाबात चढउतार असलेला वीजपुरवठा आणि सुट्या भागांच्या मोठ्या बाजारपेठांपासूनचे अंतर. घरातील बचतीतून घेतलेला पहिलाच संगणक चुकीच्या निवडीमुळे किंवा सदोष विजेमुळे निकामी झाल्यास तो पुन्हा घेणे अनेक कुटुंबांना शक्य नसते. त्यामुळे येथे भागांच्या वेगाइतकेच त्यांच्या संरक्षणालाही महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची रचना बऱ्याच अंशी खुली असल्यामुळे इतर उत्पादकांनाही त्याच्याशी सुसंगत भाग बनवता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि वीजपुरवठा यांचे समान माप जाहीर केले. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो, तो या प्रमाणीकरणामुळेच.

भारतात १९९० च्या दशकात 'असेंबल्ड' संगणक ब्रँडेड संगणकापेक्षा स्वस्त म्हणून लोकप्रिय झाला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग), दिल्लीतील नेहरू प्लेस, बंगळूरमधील एस.पी. रोड आणि सिकंदराबादमधील चिनॉय ट्रेड सेंटर ही या व्यापाराची प्रमुख केंद्रे होत. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नांदेडहून हैदराबाद हे मुंबईपेक्षा बरेच जवळ असल्याने खरेदीसाठी तिकडे जाण्याचा पर्याय नांदेडकरांसमोर असतो, तर लातूरहून पुणे आणि हैदराबाद या दोन्ही दिशा खुल्या आहेत.

दोन्ही शहरे शैक्षणिक केंद्रे आहेत. नांदेड येथे १९८१ मध्ये श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आणि १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला आणि पुढे 'लातूर पॅटर्न' या अध्ययनपद्धतीमुळे शहराची राज्यभर ओळख झाली. त्यामुळे खेळासाठी जोडलेला संगणक प्रोग्रामिंग, अभियांत्रिकी आरेखन, चित्रफीत संपादन आणि अभ्यास यांसाठीही वापरला जातो. घरच्यांची संमती मिळवतानाही हाच मुद्दा पुढे केला जातो.

प्रमुख भाग

प्रोसेसर : सर्व गणनक्रिया करणारा भाग. तो मदरबोर्डवरील सॉकेटशी जुळावा लागतो. उदा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ रॅम चालते, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते.

मदरबोर्ड : सर्व भागांना जोडणारी पाटी. एटीएक्स (३०५ × २४४ मिमी), मायक्रो-एटीएक्स (२४४ × २४४ मिमी) आणि मिनी-आयटीएक्स (१७० × १७० मिमी) ही प्रचलित मापे आहेत.

ग्राफिक्स कार्ड : पडद्यावरील दृश्य तयार करणारा भाग. खेळांच्या कामगिरीवर याचा सर्वाधिक परिणाम होतो.

रॅम : चालू कामाची तात्पुरती स्मृती. १६ जीबीची एकच पट्टी लावण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्यास दोन मार्गांनी माहिती वाहते आणि वेग वाढतो.

एसएसडी : कायमस्वरूपी साठवण. काही मोठे खेळ १०० जीबीहून अधिक जागा घेतात.

एसएमपीएस : घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारा भाग.

कॅबिनेट आणि पंखे : भागांचे आवरण आणि हवेचा मार्ग.

निवड आणि अंदाजपत्रक

निवडीची सुरुवात भागांपासून न करता मॉनिटरपासून केल्यास अंदाजपत्रक आटोक्यात राहते. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर खेळावयाचे असल्यास मध्यम श्रेणीचे ग्राफिक्स कार्ड पुरते. गेमिंग संगणकात एकूण खर्चाच्या साधारण एक तृतीयांश ते ४० टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डावर खर्च होते. उरलेल्या रकमेत काटकसर करताना प्रथम बळी जातो तो एसएमपीएसचा, आणि हीच सर्वांत महागात पडणारी चूक असते. रंगीत दिवे, काचेचे दार किंवा महागडा कीबोर्ड या गोष्टी नंतरही घेता येतात.

वीजगरजेचा हिशेब सोपा आहे. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट घेते. मध्यम प्रोसेसरचे सुमारे ९० वॅट आणि इतर भागांचे ५० वॅट धरल्यास बेरीज २५५ वॅट होते. अशा संगणकाला चांगल्या प्रतीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा ठरतो. मदरबोर्डवरील खाच ग्राफिक्स कार्डाला कमाल ७५ वॅट देते आणि आठ पिनांची जोडतार १५० वॅट. यापेक्षा अधिक वीज घेणाऱ्या कार्डांना जास्तीच्या जोडतारा लागतात.

खरेदी आणि हमी

सुटे भाग स्थानिक दुकान, महानगरातील बाजारपेठ किंवा ऑनलाइन विक्रेता यांपैकी कोठूनही घेता येतात. पक्के बिल घेतल्यास वस्तू व सेवा कर (या भागांवर १८ टक्के) भरावा लागतो, परंतु हमीचा दावा करताना तेच बिल कामी येते. भारतातील अधिकृत वितरकाखेरीज अन्य मार्गाने आलेला माल स्वस्त असला, तरी त्यावर भारतातील हमी मिळेलच असे नाही.

बिघडलेला भाग हमीत बदलून घेण्यासाठी अनेकदा मोठ्या शहरातील सेवा केंद्राकडे कुरिअरने पाठवावा लागतो. या काळात संगणक बंद राहू शकतो. म्हणून भाग निवडताना किमतीबरोबरच त्या कंपनीची सेवा कोणत्या शहरात मिळते, हेही पाहणे हिताचे असते. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण आणि मूळ खोकी जपून ठेवल्यास वाद उद्भवल्यास पुरावा राहतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन (१९१५) आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हे मार्ग उपलब्ध आहेत.

जुनी ग्राफिक्स कार्डे घेताना विशेष दक्षता आवश्यक असते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या कूटचलनाची पद्धत बदलून त्याचे ग्राफिक्स कार्डांवरील खननकार्य संपले, तेव्हा दीर्घकाळ अखंड चाललेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. जुने कार्ड घेण्यापूर्वी ते किमान अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून पाहणे योग्य.

जोडणीचा क्रम

१. टेबल मोकळे करून मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवावा. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिरविद्युत साठते. ती घालवण्यासाठी भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

२. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवावा. जोर देऊ नये, कारण वाकलेली पिन हमीत येत नाही.

३. रॅमच्या दोन पट्ट्या चार खाचांपैकी प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबाव्यात.

४. एम.२ प्रकारची एसएसडी तिरकी सरकवून स्क्रूने आडवी बसवावी.

५. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावून कूलर बसवावा. कूलरच्या तळाचे संरक्षक प्लास्टिक आधी काढावे.

६. कॅबिनेटमध्ये मदरबोर्डच्या छिद्रांखाली पितळी आधार आहेत याची खात्री करून मदरबोर्ड बसवावा. चुकीच्या जागी राहिलेला आधार शॉर्ट सर्किट घडवू शकतो.

७. एसएमपीएस बसवून मदरबोर्डची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची अशा दोन्ही तारा जोडाव्यात.

८. शेवटी ग्राफिक्स कार्ड बसवून त्याची स्वतंत्र वीजतार जोडावी.

पहिली सुरुवात आणि नेहमीच्या चुका

बटण दाबूनही पडदा काळाच राहिला, की नवख्या जोडणाऱ्याचा धीर सुटतो. प्रत्यक्षात अशा वेळी भाग जळालेला असण्यापेक्षा एखादी साधी चूक असण्याचीच शक्यता अधिक असते. मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असणे, रॅम अर्धवट बसणे आणि प्रोसेसरची ८ पिनांची तार विसरणे ही नेहमीची कारणे आहेत. डीडीआर५ रॅम असलेला संगणक पहिल्या वेळी स्मृतीची चाचणी घेत काही मिनिटे काळ्या पडद्यावर थांबू शकतो. या काळात वीज बंद करू नये.

संगणक सुरू झाल्यावर बायोसमध्ये रॅमचा जाहीर वेग (एक्सएमपी किंवा एक्स्पो) चालू करावा लागतो, अन्यथा ती कमी वेगाने चालते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यक आहे. लिनक्स विनामूल्य असले, तरी फसवणूकविरोधी यंत्रणेमुळे 'व्हॅलोरंट'सारखे काही खेळ त्यावर चालत नाहीत.

वीजपुरवठा आणि अर्थिंग

अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधील गाळणीचे धारित्र आपला गळता प्रवाह जमिनीत सोडू न शकल्याने कॅबिनेटवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब येतो. हा संगणकाचा दोष नसून घराच्या वायरिंगचा आहे. तीन पिनांच्या प्लगची मधली पिन काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मराठवाड्यातील कठीण बेसाल्ट खडकावरील जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. त्यामुळे मीठ व कोळसा घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहणे आवश्यक असते.

दुसरा धोका न्यूट्रल तुटण्याचा. डीपीवरून येणारी न्यूट्रल तार तुटल्यास दोन फेजांवरील घरे एकमेकांशी एकसरीत जोडली जातात आणि कमी भार असलेल्या घरात दाब २३० व्होल्टवरून ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. साधा स्पाइक गार्ड अशा दीर्घकाळ टिकणाऱ्या वाढीव दाबापुढे अपुरा पडतो. दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे उपकरण विजेच्या बोर्डात बसवून घेणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. विजेच्या अतिरिक्त दाबाने झालेले नुकसान बहुधा हमीत धरले जात नाही.

अचानक वीज गेल्यास माहिती जतन करण्यापुरता वेळ यूपीएस देतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट भार पेलतो. संगणक व मॉनिटर मिळून ३०० वॅटपेक्षा अधिक घेत असतील, तर १००० व्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस घ्यावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्यावर प्लगबरोबरच तांब्याची इंटरनेट तारही काढून ठेवावी.

उष्णता आणि धूळ

संगणकात खर्च झालेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. भाराखाली एखादा प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७० अंशांवर राहील, पण मे महिन्यातील पत्र्याच्या छताच्या ४२ अंशांच्या खोलीत ८७ अंशांवर पोहोचेल. ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधुनिक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात. म्हणून थंड प्रदेशातील परीक्षणे वाचून घेतलेला कूलर येथे तोकडा पडू शकतो. पाण्यावर चालणारा शीतकही संगणकाला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पुढून हवा आत घेणारे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक आणि जाळीदार दर्शनी भाग ही रचना लाभदायक ठरते.

मराठवाड्यात घरोघरी वापरला जाणारा वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर कोरड्या हवेत खोली चांगली थंड करतो, मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. त्याबरोबर येणारे तुषार भागांवर पडू शकतात आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा पांढरा थर साचतो. काळ्या मातीची बारीक धूळ जाळ्यांत अडकत असल्याने उन्हाळ्यात दर महिन्याला सफाई करावी. हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे.

वापर, खर्च आणि विल्हेवाट

३०० वॅटचा संगणक पूर्ण भाराने रोज चार तास चालल्यास दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ युनिट वीज लागते. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत असल्यामुळे ही वाढ कुटुंबाचे बिल वरच्या टप्प्यात नेऊ शकते.

घरी जोडलेल्या संगणकाचा मुख्य लाभ दीर्घकाळ टिकतो : एक भाग जुना झाला, तर तेवढाच बदलता येतो, आणि बिघाड झाल्यास तो शोधण्याची समज जोडणाऱ्याकडे असते. निकामी भाग भंगारात न देता ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपवणे अपेक्षित आहे. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

हे सुद्धा पहा

संगणक
मदरबोर्ड
ग्राफिक्स कार्ड
अर्थिंग
ई-कचरा
नांदेड
लातूर