धेंपो स्पोर्ट्स क्लब : उत्कर्ष आणि घसरण

धेंपो स्पोर्ट्स क्लब ('डेम्पो' असेही लिहितात) : गोव्यातील व्यावसायिक फुटबॉल क्लब. ठाणे पणजी, मालकी धेंपो उद्योगसमूहाची. राष्ट्रीय साखळी स्पर्धेची पाच विजेतेपदे (राष्ट्रीय फुटबॉल लीग २००४-०५ व २००६-०७, आय-लीग २००७-०८, २००९-१० व २०११-१२), फेडरेशन कप (२००४), ड्युरँड कप (२००६) आणि एएफसी कपची उपांत्य फेरी (२००८) ही ठळक कामगिरी. पाचव्या विजेतेपदानंतर तीन वर्षांत संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०१६ मध्ये तो राष्ट्रीय साखळीतून स्वतःहून बाहेर पडला. यशाच्या शिखरावरचा संघ एवढ्या लवकर का खालावतो, या प्रश्नाचे पश्चिम भारतातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणून या क्लबाकडे पाहावे लागते.

पूर्वेतिहास : क्लबाची मुळे १९६० च्या दशकातील डिचोलीच्या स्थानिक फुटबॉलमध्ये आहेत. पुढे खाण व जहाज व्यवसायातील धेंपो घराण्याने त्याला आश्रय दिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचा रोव्हर्स कप जिंकून क्लबाने गोव्याबाहेर नाव केले.

उत्कर्षकाल (२००४-१२) : या काळाचे शिल्पकार प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. पाचही राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या कारकिर्दीतली. एकाच प्रशिक्षकाकडे इतकी वर्षे संघ सोपवणे भारतीय फुटबॉलमध्ये दुर्मीळ आहे. पहिल्याच यशाला मृत्यूची किनार होती. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरमध्ये मोहन बागानविरुद्धच्या फेडरेशन कप अंतिम सामन्यात ब्राझीलचा आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला व मरण पावला. धेंपोने सामना २-० असा जिंकला आणि त्याच मोसमात राष्ट्रीय लीगही पहिल्यांदा मिळवली.

त्यानंतरच्या संघाचा कणा फारसा बदलला नाही. बचावात महेश गवळी व समीर नाईक, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स व क्लिफर्ड मिरांडा, पुढे नायजेरियाचा रॅन्टी मार्टिन्स आणि त्याला पास पुरवणारा ब्राझीलचा बेटो. गोमंतकीय खेळाडूंचा भरणा आणि दोन-तीन परदेशी खेळाडू ही घडी वर्षानुवर्षे टिकली. २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठणारा धेंपो हा पहिला भारतीय क्लब ठरला. लेबनॉनच्या सफा क्लबाने त्याला तेथे अडवले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत मात्र २०११ मध्ये अल ऐनकडून ०-४ असा पराभव झाला. भारतातील अव्वल संघ आणि आखातातील अव्वल संघ यांच्यातील अंतर त्या सामन्यात उघड झाले.

२००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांत राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद एकदाही कोलकात्याला गेले नाही. आठ वेळा ते गोव्यात आले (धेंपो पाच, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक) आणि एकदा, २००५-०६ मध्ये, मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे गेले. कोकण किनाऱ्याच्या फुटबॉलचा हा सुवर्णकाळ मराठी क्रीडालेखनात जेवढा नोंदला जायला हवा होता तेवढा नोंदला गेलेला नाही.

घसरणीची पहिली चिन्हे : २०११-१२ च्या आय-लीगमध्ये मार्टिन्सने ३२ गोल केले. हा विक्रम नोंदवून तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. एका मोसमात ३२ गोल करणारा खेळाडू गेल्यावर जागा केवळ त्याची रिकामी होत नाही. त्याच्याभोवती रचलेली खेळण्याची पद्धतही निकामी होते. लॉरेन्स, नाईक, गवळी व मिरांडा हे चौघे १९७९ ते १९८२ दरम्यान जन्मलेले. म्हणजे विजयी संघाचा कणा एकाच वेळी तिशीत पोचला होता. जिंकणारा संघ बदलायला कोणी धजावत नाही आणि बदलाची गरज पराभव दाखवून देईतोवर वेळ निघून गेलेली असते. प्रस्तुत संपादकाच्या मते धेंपोच्या मैदानावरील घसरणीचे मूळ येथेच आहे. २०१५ चे अपयश २०१० च्या आसपासच पेरले गेले होते.

२०१३ मध्ये कुलासो यांचे पर्व संपले. त्यांच्या जागी ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आले, त्यानंतर इंग्लंडचे ट्रेव्हर मॉर्गन. एका तपाहून अधिक काळ एकाच पद्धतीने खेळलेल्या संघाला दोन वर्षांत दोन नव्या पद्धती शिकाव्या लागल्या. कुलासो यांचे जाणे हे घसरणीचे कारण होते की लक्षण, यावर मतभेद आहेत.

२०१४-१५ चा मोसम : इंडियन सुपर लीग (आयएसएल) १२ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. ही स्पर्धा त्यातून उभी राहिली. गोव्याच्या वाट्याला एफसी गोवा हा संघ आला. त्याच्या मालकांत धेंपो समूहाचे श्रीनिवास धेंपो, साळगावकर घराण्यातील दत्तराज साळगावकर आणि मराठवाड्यात वाढलेल्या व्हिडिओकॉन समूहाचे वेणुगोपाल धूत होते. परस्परांचे जुने प्रतिस्पर्धी असलेल्या दोन गोमंतकीय क्लबांचे धनी नव्या संघात भागीदार झाले, ही गोष्ट पुढील घटनांच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

पहिल्या मोसमात मिरांडा, मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस, पीटर कार्व्हालो हे धेंपोचे खेळाडू झिको यांच्या मार्गदर्शनाखाली एफसी गोवाकडून खेळले. त्या संघाने उपांत्य फेरी गाठली. डिसेंबरअखेर हेच खेळाडू धेंपोच्या सरावात परतले आणि लगेच फेडरेशन कप सुरू झाला. ११ जानेवारी २०१५ रोजी फातोर्डा येथे धेंपो अंतिम फेरीत खेळला आणि बंगळूर एफसीकडून १-२ असा हरला. दरम्यान रोमिओ फर्नांडिस ब्राझीलच्या अॅथलेटिको परानाएन्सेकडे उसनवारीवर गेला. मे अखेर आय-लीग संपली तेव्हा धेंपो पदावनत झाला होता. पुण्याचा नवा भारत एफसी थेट प्रवेशाच्या अटींमुळे पदावनतीतून मुक्त होता, त्यामुळे तळाशी झगडणाऱ्या जुन्या संघांना चुकीला वावच उरला नव्हता.

जानेवारीत अंतिम फेरी आणि मे महिन्यात पदावनती, यात विसंगती दिसते. परंतु ती तशी नाही. बाद पद्धतीची स्पर्धा दोन आठवड्यांत आटोपते आणि अकरा-बारा कसलेले खेळाडू ती तोलून धरू शकतात. वीस सामन्यांच्या साखळीत दुखापती, निलंबन, थकवा व लांबचा प्रवास यांचा हिशेब राखीव फळीला चुकवावा लागतो. चर्चिल ब्रदर्सचे वर्षभर आधी हेच झाले होते. २०१२-१३ चा आय-लीग विजेता असलेल्या या संघाने जानेवारी २०१४ मध्ये फेडरेशन कप जिंकला आणि त्याच मोसमाअखेर तो पदावनत झाला. क्लब-परवान्याच्या अटी न पाळल्याचा ठपकाही त्याच्यावर आला. बाद स्पर्धेतील यशामुळे संघाची खरी प्रकृती झाकली जाते, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.

बढती मिळवून माघार (२०१६) : धेंपोच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच, आणि सामान्य वृत्तान्तात ती बहुधा एका वाक्यात संपते. पदावनत झाल्यावर पुढल्याच मोसमात, २०१५-१६ मध्ये, धेंपोने आय-लीगची दुसरी श्रेणी जिंकली व पहिल्या श्रेणीत परतण्याचा हक्क मिळवला. म्हणजे मैदानावरील घसरण क्लबाने वर्षभरात भरून काढली होती.

मे २०१६ मध्ये महासंघ व त्याच्या व्यापारी भागीदाराने देशातील फुटबॉलची नवी रचना मांडली. तीत आयएसएल सर्वोच्च, आय-लीग तिच्याखाली आणि दोहोंमध्ये बढती-पदावनती नाही. वरच्या स्पर्धेत जागा मिळायची ती शुल्क भरून. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व धेंपो या तिन्ही गोमंतकीय क्लबांनी निषेध म्हणून राष्ट्रीय साखळीतून माघार घेतली. खेळून मिळवलेली जागा धेंपोने न खेळताच सोडली.

या माघारीचे दोन अर्थ लावले जातात. एक, अन्याय्य रचनेला दिलेला तो तत्त्वाचा नकार होता. दोन, एफसी गोवाच्या रूपाने मालकांची गुंतवणूक आधीच दुसरीकडे वळली होती. दोन्हींत तथ्य आहे. मालकांच्या हेतूवर निवाडा देणे कोशाचे काम नाही. पण परिणाम स्पष्ट आहे. विजेतेपद मिळवूनही वर चढता येणार नसेल, तर संघावर दरवर्षी कोट्यवधी रुपये खर्च करण्याचे व्यावसायिक कारण उरत नाही.

गोव्याच्या तीन जागा रिकाम्या झाल्याने पदावनत झालेल्या मिझोरामच्या ऐझॉल एफसीला पुन्हा प्रवेश मिळाला. त्याने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. चर्चिल ब्रदर्सलाही त्याच मोसमात परत घेण्यात आले.

आर्थिक पाया : धेंपो, साळगावकर, सेसा या नावांवरून दिसते की गोव्याचे फुटबॉल खाण उद्योगाच्या आश्रयाने वाढले. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाविषयीचा न्या. शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ती एप्रिल २०१४ मध्ये वार्षिक दोन कोटी टन उत्खननाच्या मर्यादेसह उठली. खाणबंदीने गोव्याचे क्लब बुडाले, असे सरसकट म्हटले जाते. धेंपोच्या बाबतीत हे विधान जपून करावे लागते. समूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सुमारे १,७५० कोटी रुपयांना सेसा गोवाला विकला होता आणि त्यानंतरही संघाने दोन आय-लीग जिंकल्या.

खरी अडचण अधिक खोल आहे. तिकीटविक्री, प्रक्षेपणाचा वाटा, खेळाडूंची विक्री, सभासदांची वर्गणी यांपैकी कशावरही हे क्लब उभे नव्हते. कोलकात्याच्या क्लबांमागे लाखो पाठीराखे होते. प्रायोजक गेला तरी दुसरा यावा इतकी त्यांची ओढ होती. गोव्यात निष्ठा गावाच्या संघावर आणि गावच्या मुलावर. कंपनीच्या संघाच्या सामन्याला लोक येत. पण त्याचा खर्च निघेल एवढे येत नसत. मालकाची इच्छा हेच क्लबाचे एकमेव भांडवल होते.

महाराष्ट्रातील समांतर उदाहरणे : महिंद्र युनायटेड (मुंबई) हा तर घसरणीविनाच संपलेला संघ. फेडरेशन कप २००३ व २००५, राष्ट्रीय लीग २००५-०६, ड्युरँड कप २००८ अशी कामगिरी असताना कंपनीने २०१० मध्ये व्यावसायिक संघ बंद केला व लक्ष शालेय फुटबॉलकडे वळवले. डेरिक परेरा यांनी घडवलेला लीगविजेता संघ पाच वर्षांत नाहीसा झाला. एअर इंडिया संघ व्यावसायिक निकष न पाळल्याने २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेला. पुणे एफसी २०१२-१३ चा उपविजेता; २०१५ मध्ये बंद. भारत एफसी एका मोसमात बंद. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये बंद. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये पदावनत होऊन बंद.

जगातील तुलना : जर्मनीचा न्यूरेंबर्ग १९६८ मध्ये राष्ट्रीय विजेता व १९६९ मध्ये पदावनत झाला. इंग्लंडचा लीड्स युनायटेड २००१ मध्ये युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत खेळला. भावी यशाच्या भरवशावर काढलेल्या कर्जाने तो २००४ मध्ये दुसऱ्या आणि २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. स्पेनचा देपोर्तिवो ला कोरुन्या २००० चा विजेता, २०२० मध्ये तिसऱ्या श्रेणीत. हे तिन्ही क्लब आजही अस्तित्वात आहेत, कारण त्यांना गाव होते आणि खालून वर येण्याची वाट खुली होती. भारतात २०१६ मध्ये ती वाट बंद करण्यात आली आणि ज्या क्लबांकडे कोलकात्यासारखा जनाधार नव्हता त्यांना त्याचा फटका सर्वाधिक बसला.

मैदान : फातोर्डा (मडगाव) येथील पं. जवाहरलाल नेहरू स्टेडियम. काही काळ म्हापशाजवळील धुळेर.

सद्यःस्थिती : माघारीनंतर क्लब गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळत राहिला आणि जुन्या गोव्याजवळील एला येथील अकादमीतून मुले घडवत राहिला. हेच त्याला तारून गेले. महिंद्रप्रमाणे तो बंद झाला नाही, याचे श्रेय मालकांना द्यायला हवे. जुन्या विजयी संघातील बचावपटू समीर नाईक यांच्या प्रशिक्षणाखाली धेंपोने २०२३-२४ मध्ये आय-लीग २ मधून बढती मिळवली आणि आठ वर्षांपूर्वी नाकारलेली जागा २०२४-२५ मध्ये घेतली. ज्या स्पर्धेची तीन विजेतेपदे क्लबाच्या नावावर आहेत, ती आय-लीग आता देशातील दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा आहे.