क्षयरोग आणि मद्रासचा एक प्रयोग

आयुर्वेदाने ज्याला राजयक्ष्मा म्हटले, त्या क्षयरोगाचे भय मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत आले आहे. अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकीय पदवी संपादन करणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना याच व्याधीने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात हिरावून नेले. वयाची २२ वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती. त्यापूर्वी पाचच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले होते. शत्रू दृष्टीस पडला. परंतु त्यास मारणारे अस्त्र हाती यावयास आणखी सहा दशके लोटावी लागली.

तोवर मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि सकस अन्न हीच चिकित्सा होती. त्यासाठी पाचगणी, मिरज अशा ठिकाणी आरोग्यधामे उभी राहिली. पण खाटा मोजक्या आणि रोगी अगणित! शिवाय घरचा कर्ता पुरुष वा लेकुरवाळी स्त्री महिनोन्‌महिने दूर राहिली, तर संसाराने तग कसा धरावा? पुढे स्ट्रेप्टोमायसीन आले आणि १९५२ साली आयसोनियाझिडचा गुण प्रत्ययास आला. तेव्हा साहजिकच प्रश्न उभा राहिला की, हीच औषधे रोग्यास घरी दिली तर चालणार नाही काय?

याचे उत्तर अन्य कोठे नव्हे, आपल्याच देशात मिळाले. १९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने एक केंद्र स्थापन झाले. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे प्रमुख होते. शहरातील दाट व गरीब वस्तीतील फुप्फुसक्षयाचे १९३ रुग्ण निवडण्यात आले. कोणाची आवडनिवड न पाहता, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यधामात ठेवले, तर दुसऱ्यास स्वतःच्या घरी. औषधे दोघांस तीच, एक वर्षपर्यंत. आरोग्यधामात आहार चांगला आणि विश्रांती पुरेशी. घरी मात्र अपुरे अन्न, अंधारी खोली आणि कामाचा रगाडा.

१९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत या प्रयोगाची फलश्रुती प्रसिद्ध झाली. वर्षअखेर आरोग्यधामातील ९२ टक्के रुग्णांचा रोग शमला होता. घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्क्यांचा. इतक्या विषम परिस्थितीत फरक एवढाच पडला, हे पाहून तज्ज्ञ मंडळीही विस्मित झाली.

तथापि एक शंका उरतेच. घरातील लेकराबाळांचे काय? याचाही शोध घेण्यात आला. रुग्णांच्या निकटच्या कुटुंबीयांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले आणि १९६६ साली डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रोग्यास घरी ठेवल्याने आप्तांमध्ये क्षयाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. संसर्ग व्हावयाचा तो बहुतांशी निदान व उपचार होण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. म्हणजे घराला खरा धोका औषध घेणाऱ्याचा नव्हे, तर खोकला लपविणाऱ्याचा आहे.

मात्र या यशामागे मोठी दक्षता होती. परिचारिका घरोघर जात, उरलेल्या मात्रा मोजीत, औषध खरोखर पोटात गेले की नाही हे मूत्रपरीक्षेने पाहत. जरा बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडले, की रोग उलटतो आणि जंतू औषधास दाद देईनासे होतात. आहाराविषयीही गैरसमज नसावा. औषधाचे काम अन्न करीत नाही. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील अभ्यासात, रुग्णाच्या कुटुंबीयांस सकस शिधा दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

ज्ञातिबांधवांपुढे हा इतिहास मांडण्यास कारण आहे. विवाह जुळवताना क्षयाचे नाव दडवले जाते. सुनेला खोकला लागला की तिची माहेरी पाठवणी होते. तिचे ताट-वाटी वेगळी निघते, वस्तुतः हा रोग भांड्यातून नव्हे, तर श्वासातून पसरतो. जे दडवले जाते त्याला औषध मिळत नाही, आणि ज्याला औषध मिळत नाही तेच चार घरांत पसरते. मुलीच्या लग्नासाठी म्हणून झाकलेला खोकला तिच्या धाकट्या भावंडांना भोवतो.

आज सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला, तर तपासणीस संकोच करू नये. आणि कोणाच्या घरी हा आजार निघाला, तर आपण त्यांच्या उंबऱ्यावरून परत न फिरता, रुग्णाचा औषधक्रम पुरा होईतो त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहावे. मद्रासच्या गरीब कुटुंबांनी आपला रोगी घरात ठेवून जे जगाला शिकवले, ते आपल्या ज्ञातीने आचरणात आणावे, एवढीच प्रार्थना आहे.