हाजींच्या दहा बोटांची हकीकत

हजला निघालेल्या माणसाला निरोप देण्यासाठी सारा मोहल्ला पालघर स्टेशनावर लोटत असे, ते दिवस पाहिलेली वडीलधारी मंडळी अद्याप आपल्यात आहेत. शिरगाव, माहीम, केळवे, बोईसर, तारापूर या बाजूचा यात्रेकरू रेल्वेने मुंबईस जाई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात उतरे आणि बंदरातून मोगल लाइनच्या आगबोटीत चढे. मुंबईहून हाजींची शेवटची बोट १९९५ साली गेली. हारतुरे, गळाभेटी आणि ‘आमच्यासाठी दुआ करा’ ही विनवणी आजही तशीच आहे. मात्र विमानातून उतरल्यावर आता केवळ पासपोर्ट दाखवून भागत नाही. काचेच्या तबकडीवर बोटे टेकवावयाची, कॅमेऱ्याकडे पाहावयाचे, आणि यंत्राने ‘हा तोच इसम’ असे म्हटले की मगच फाटक उघडते.

काही वर्षांपूर्वी माझ्या फुफीला अशाच एका खिडकीपाशी उभे राहावे लागले. सत्तरी ओलांडलेली बाई. जन्म भाताच्या लावणीत आणि राखेने भांडी घासण्यात गेलेला. यंत्राने तिची बोटे एकदा नाकारली, दोनदा नाकारली, तिसऱ्यांदाही नाकारली. मागची रांग चुळबुळू लागली. फुफीच्या डोळ्यांत पाणी आले. तिला वाटले, इतक्या दुरून आल्यावर आपली हाजिरीच नामंजूर झाली! त्या वेळी तिची समजूत कशी घालावी हे मला सुचले नाही. पुढे मी या बोटांच्या ठशांचा इतिहास शोधून वाचला, तो पालक बंधुभगिनींपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

हाजीची ओळख कागदावर मांडण्याचा सरकारी खटाटोप फार जुना नाही, आणि त्याचे मूळ भक्तीत नसून रोगराईच्या भीतीत आहे. १८६५ साली हजच्या काळात पटकीची भयंकर साथ उसळली आणि ती युरोपपर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातून जाणाऱ्या यात्रेकरूंवर साऱ्या जगाची नजर खिळली. १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर तुर्की सरकारने हाजींना क्वारंटाइनमध्ये ठेवण्यास सुरुवात केली. त्याच दशकात मुंबईत यात्रेकरूंसाठी सरकारी संरक्षक नेमला गेला, यात्रेकरूंना पासपोर्ट देण्यात येऊ लागले, आणि १८८६ पासून काही वर्षे तर यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपविली होती! मुंबईत प्लेग आला तेव्हा १८९७ साली येथून हजला जाणेच बंद करण्यात आले. हाजीची विचारपूस करताना सरकारच्या मनात दोन गोष्टी असत: हा रोग तर आणणार नाही ना, आणि हा निर्धन होऊन परदेशात अडकणार तर नाही ना. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा हज कमिटी कायदा झाला, पुढे २००२ चा आला. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना पूर्वी केवळ त्या एका यात्रेपुरता पास मिळे. २००९ च्या हजपासून त्याऐवजी आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा झाला.

आता बोटांकडे वळू. आपल्याकडे अंगठा म्हणजे निरक्षरतेची खूण. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमिनी घालविलेली कुटुंबे या ठाणे-पालघर पट्ट्यात थोडीथोडकी नाहीत. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी याच अनुभवातून आली. सरकारी कामात ठशाचा उपयोगही हिंदुस्थानातच सुरू झाला. बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे कंत्राटदाराने सही नाकारू नये, एवढाच त्यातला हेतू.

परंतु ठसे घेणे सोपे, हजारो ठशांतून नेमका एक शोधणे कठीण. ही अडचण कलकत्त्यात सुटली, आणि सोडविणाऱ्यांत प्रमुख होते काझी अझीझुल हक. खुलना जिल्ह्यातील हा तरुण प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला. पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांनी त्याला आपल्या कचेरीत घेतले. आपल्या घरातील म्हाताऱ्या नातवंडांच्या बोटांवरील शंख-चक्रे मोजतात ना, गणिताची कल्पना जवळजवळ तीच. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. एका बोटाला दोन शक्यता. दहा बोटांना दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४. तितके कप्पे करा, आणि कोणाही माणसाच्या दहा बोटांचा कागद कोणत्या कप्प्यात शोधावयाचा ते लगेच कळते. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची जगातील पहिली कचेरी उघडली. पद्धतीला नाव मात्र मिळाले ‘हेन्री पद्धती’. हक यांना खानबहादुर ही पदवी आणि काही रक्कम मिळाली. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचेही नाव मागेच राहिले. कित्येक वर्षांनी हेन्रींनी हक यांचा वाटा पत्राने मान्य केला, आणि अलीकडे ब्रिटनमधील फिंगरप्रिंट सोसायटीने या दोघांच्या नावे पुरस्कार सुरू केला आहे. सूरह अल्-कियामामध्ये बोटांच्या टोकांचा उल्लेख आहे, तेव्हा हे शास्त्र आमचेच, असे आपल्याकडील काही वक्ते अभिमानाने सांगतात. तो उल्लेख मेलेल्यांना पुन्हा उठविण्याच्या संदर्भात आहे. अभिमानच बाळगावयाचा तर त्या खुलनाच्या गणिताच्या विद्यार्थ्याचा बाळगावा, हे माझे मत.

आता पुढचा भाग पाहा. हेच हेन्रीसाहेब १९०० साली दक्षिण आफ्रिकेत पोलीस दलाच्या उभारणीसाठी गेले आणि ठशांची पद्धत त्यांच्याबरोबर तेथे पोचली. १९०६ साली ट्रान्सवालच्या सरकारने हिंदी लोकांनी नाव नोंदवून बोटांचे ठसे द्यावेत आणि परवाना सदैव जवळ बाळगावा असा वटहुकूम काढावयाचे ठरविले. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली. शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्ष ठेवून हा कायदा न मानण्याची शपथ घेण्याचा आग्रह धरला. महात्मा गांधी तेथे होते. सत्याग्रहाचा आरंभ त्याच शपथेपासून मानतात. १९०८ मध्ये तडजोड म्हणून गांधीजींनी स्वखुशीने ठसे देण्याचे मान्य केले, त्यावरून मीर आलम नावाच्या पठाणाने त्यांना मारहाण केली. सरकारने शब्द मोडल्यावर त्याच वर्षी १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवाने कढईत घालून जाळले गेले. गांधीजींचा विरोध ठशाला नव्हता, तर केवळ हिंदी म्हणून सक्तीने गुन्हेगारासारखे वागविले जाण्याला होता, हे ध्यानात घ्यावे.

मग आजच्या हाजीने काय समजावे? माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत. बोटीच्या काळात कोणी वाटेत वारला तर घरी बातमी पोचायला बोट परतावी लागे. २०२४ च्या हजमध्ये उष्म्याने १३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांतील पाचांपैकी चारांहून अधिक जण विनापरवाना आलेले होते, असे सौदी सरकारने सांगितले. ज्याच्याजवळ कागद नाही त्याच्यासाठी ना तंबू, ना बस, आणि मृत्यूनंतर नाव पटविणेही कठीण. तेथे ठसा उपयोगी पडतो. पण दुसरेही आहे: हरवलेला पासपोर्ट नवा मिळतो, बोट नवे मिळत नाही. ज्यांच्या दप्तरी ते एकदा नोंदले गेले त्यांनी ते किती वर्षे ठेवावे आणि कोणास दाखवावे, हा प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धेत उणेपणा नव्हे.

आणि झिजलेल्या बोटांचे काय? आपल्याकडे मिठागरात राबणारे, मासळी सोलणाऱ्या, चिंचणीकडचे डाय घडविणारे कारागीर, लावणी करणाऱ्या बायका, यांच्या बोटांवरील रेषा वयाबरोबर पुसट होतात. कोरड्या कातडीवर तर यंत्र हमखास अडते. घरच्यांनी निघण्यापूर्वी काही दिवस रात्री हातांना तेल किंवा व्हॅसलीन लावावे, यंत्रापुढे मात्र हात स्वच्छ पुसलेले असावेत, बोटांच्या टोकांना मेंदी लावू नये, आणि एक बोट नाकारले गेल्यास दुसरे पुढे करण्यास संकोचू नये. आपल्या मॅट्रिक झालेल्या मुलामुलींनी यात्रेकरूंना हे आधी समजावून सांगितले, तर पुष्कळ आसवे वाचतील.

फुफीचे काम शेवटी डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाने झाले. खिडकीतल्या तरुणाने ते बोट ओल्या फडक्याने पुसले, हलकेच दाबून धरले आणि शिक्का मारला. घरी परतल्यावर तिने आपल्या नातवाला जवळ बसवून चक्रे मोजावयास सांगितली. त्याला चष्मा लावूनही तीनच सापडली. बाकीची, ती म्हणाली, भांड्यांना गेली.