ओळखीची पेढी आणि मालकीची पेढी

गावच्या पेढीत आपुलकी असते, असे आपण सहज बोलून जातो. पण कळमनुरीच्या मंडळींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या काळी सावकाराइतकी आपली ओळख दुसऱ्या कोणाला होती? ऋणकोच्या बापाचे कर्ज, लेकीच्या लग्नाची तिथी, शेतात उभा असलेला कापूस, सारे त्याला तोंडपाठ असे. अडीनडीला अपरात्रीही तो पैसे काढून देई. म्हणजे नुसती ओळख ही सेवा नव्हे. वही कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न होय.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हाती लागतील ते रोखे त्यांनी जाळले. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने कोर्टाला कर्जाच्या मुळाशी जाण्याचा अधिकार दिला. तरीही कर्ज देणारा दुसरा कोणी उभा राहिला नव्हता.

तो उभा करण्याचा एक आरंभीचा प्रयत्न १८८९ मध्ये बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य मंडळी काढून केला. सभासदांनीच पैसा घालावा आणि सभासदांनीच उचलावा, असा तिचा साधा न्याय. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतरचा. मुंबईत १९०६ मध्ये श्यामराव विठ्ठल आणि १९१८ मध्ये सारस्वत या संस्था निघाल्या. दोन्ही एकेका ज्ञातीच्या जिव्हाळ्यातून निघाल्या. जिव्हाळ्याचे बळ मोठे खरे, पण वर्तुळाबाहेरच्या माणसाने कोणाच्या दारी जावे?

कळमनुरी तेव्हा निजामी राज्यात होते. दरबारी भाषा उर्दू, चलन हाली सिक्क्याचे. मराठी बोलणाऱ्या कुळाला सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे, आणि वाचणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागे. १९४८ मध्ये ते राज्य गेले, सावकारी मात्र टिकली. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास निघाला. सावकारांचा वाटा शेकडा ७० च्या घरात होता.

गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा राहणारा पठाण कामगारांनाही ठाऊक होता. कामगारांनी स्वतःच्या पतपेढ्या काढल्या, त्या याच अनुभवातून.

आता दुसरी बाजू. ओळखीच्या पोटी वशिला जन्माला येतो. संचालकाच्या सोयऱ्याला नाही म्हणणे जड जाते. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख आली, तरी सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आणि सहा महिन्यांत अवघे १००० रुपये काढण्याची मुभा ठेवीदारांना प्रथम मिळाली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींच्या विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली. विमा पैसा परत देईल, पण कारभार सुधारण्याचे काम त्याचे नव्हे.

ते काम सभासदाचे. सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, मत एकच असते. शंभर भागांचा धनी आणि एका भागाचा हमाल तेथे सारखे. हे मत वापरायचे ठिकाण म्हणजे वार्षिक सभा. तेथे ताळेबंद मराठीत वाचून घ्यावा, थकबाकीदार कोण ते विचारावे, लेखापरीक्षकाचे शेरे मागावेत. काउंटरवरचा कारकून नावाने हाक मारतो हे गोडच आहे; पण त्याच पेढीत आपण हिशेब विचारू शकतो, तेव्हाच ती आपली.