आज्ञापत्रांतील वृक्षरक्षण आणि वनहक्काचा पुरावा

रामचंद्रपंत अमात्यकृत आज्ञापत्रांतील झाडांविषयींचा परिच्छेद हल्लीं व्याख्यानांतून व फलकांवरून पुष्कळदां पुढें येतो. राज्यानें वनश्रीचें रक्षण करावें याला आपल्याकडील जुना आधार म्हणून तो दाखविला जातो, आणि झाडें तोडूं नयेत एवढाच त्याचा अर्थ सांगितला जातो. आमच्या मतें हा अर्थ अपुरा आहे.

हा परिच्छेद वनांच्या प्रकरणांत नसून आरमाराच्या प्रकरणांत आहे, आणि प्रश्न जहाजांच्या लांकडाचा आहे. सागासारखें लांकूड राज्यांतील रानांत मिळेल तें हुजूरची परवानगी घेऊन तोडावें. अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें. आंबा, फणस हींही झाडें आरमाराच्या उपयोगाचीं, परंतु त्यांस हात लावूं नये, असें अमात्य सांगतात. तीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, आणि रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, हें त्याचें कारण. एखादें झाड जीर्ण होऊन कामांतून गेलें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें. बळजोरी करूं नये. धन्याची राजीखुशी हेंच या नियमाचें मर्म आहे, आणि फलकांवर नेमकें तेंच गळतें.

दुर्गप्रकरणांतील सूर निराळा आहे. गडाच्या घेऱ्यांतील झाडी ही गडाची राखण, तींतील काठीही तोडूं देऊं नये, अशी तेथें ताकीद आहे. तेथें संमतीचा प्रश्नच निघत नाहीं, कारण ती झाडी लष्करी गरजेची. एकाच ग्रंथांतील हे दोन नियम एकत्र कालवले म्हणजे दोहोंचाही अर्थ बिघडतो.

याहून प्राचीन प्रमाणें पाहूं गेल्यास कौटिल्यानें नागवनांतील हत्ती मारणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली असून, आपोआप मेलेल्या हत्तीचे दोन्ही सुळे आणून देणाऱ्यास सव्वाचार पण द्यावे असें म्हटलें आहे. अभयवनांतील पशुपक्ष्यांची हिंसा करणाऱ्यास उत्तम दंड आहे. (आजच्या कायद्यांतील ‘अभयारण्य’ हा शब्द याच कुळांतला.) अशोकानें राज्याभिषेकास २६ वर्षें झालीं असतां कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत पोपट, साळुंकी, चक्रवाक, हंस इत्यादि अवध्य जीवांची यादी दिली असून विनाकारण वा प्राणिहिंसेसाठीं रान जाळण्यास मनाई केली आहे. एके ठिकाणीं राजाचा कोश व सैन्य, दुसऱ्या ठिकाणीं राजाचा धर्म. या स्थळीं झाडाच्या धन्याची इच्छा कोणी विचारलेली नाहीं. ती अमात्यांनीं विचारली.

झाडावर निराळा हक्क असतो ही कल्पना मात्र अमात्यांची एकट्यांची नव्हे. आपल्या संग्रहांतील इनामपत्रें काढून पाहावीं. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह जमीन दिली, हें ठरीव कलम त्यांत वारंवार भेटतें. नकलकार तें सवयीनें लिहून जातो, आणि संपादकही सवयीनें ‘इत्यादि’ म्हणून सोडून देतात. वस्तुतः पाणी, झाड, गवत आणि लांकूड या चार निरनिराळ्या गोष्टी होत्या, हें त्या कलमाइतकें स्पष्ट दुसरें कोठें सांगितलेलें नाहीं.

मुंबई इलाख्यांत १८४७ मध्यें डॉ. गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८७८ च्या वनकायद्यानें, व पुढें त्याच धर्तीच्या १९२७ च्या कायद्यानें, राखीव वनांची पद्धत पक्की केली. १९२७ च्या कायद्याप्रमाणें जाहीरनामा निघाल्यावर किमान तीन महिन्यांची मुदत देत. तींत न मांडलेला हक्क सामान्यतः बुडत असे. ज्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें त्यांचें काय झालें असेल हें सांगावयास नको. जोतीराव फुले यांनीं १८८३ मध्यें ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत जंगलखात्याच्या जाचाविषयीं लिहिलें आहे. १९३० मध्यें चिरनेर व बिळाशी येथें जंगल सत्याग्रह झाले.

स्वातंत्र्यानंतर १९७२ चा वन्यजीव कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा व २००२ चा जैवविविधता कायदा आला. वननिवासींचे हक्क मान्य करणारा कायदा २००६ चा. त्याच्या २००८ च्या नियमांतील १३ वा नियम संशोधकांनीं मुद्दाम वाचावा. पुराव्याच्या यादींत पूर्वींच्या संस्थानांनीं किंवा प्रांतांनीं दिलेले नकाशे, हक्कांच्या नोंदी व सवलती यांचा समावेश आहे. आदिवासींखेरीज इतर वननिवासींस १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वींचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. अर्थात् १९३० च्या पूर्वींचा कागद असल्यास तो उपयोगी पडतो. असे कागद कोणापाशीं आहेत? बहुतांशीं दप्तरखान्यांत, आणि आपल्यासारख्यांच्या पेटाऱ्यांत.

यास्तव संग्राहकांस एक विनंति आहे. राजकारणाचीं पत्रें छापण्याची हौस सर्वांस असते. कुरण, देवराई, सरपण, चराई यांचे चिटोरे मात्र तसेच पडून राहतात. अशा कागदांची निराळी यादी करावी. तींत मौजे, तर्फ, मिति व चतुःसीमा जशाच्या तशा उतरून घ्याव्या, सीमेवर झाड सांगितलें असेल तर त्याची जातही टाळूं नये, आणि यादीची एक नकल त्या गांवच्या ग्रामसभेकडे धाडावी.