मुंबई ते लंडन : मैलांचा हिशेब आणि दिवसांचा

मुंबई आणि लंडन या शहरांमधील आकाशमार्गाचें सरळ अंतर सुमारें ४,५०० मैल आहे. आजचें विमान तें नऊ-दहा तासांत तोडतें. परततांना पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्याचें पाठबळ मिळत असल्यामुळें वेळ कांहींसा कमीच लागतो. मैलांचा हिशेब एवढ्यांत संपतो. दिवसांचा हिशेब मात्र इतिहासाकडेच मागावा लागतो, आणि महाराष्ट्राच्या भाग्याशीं त्याचा फार निकटचा संबंध आहे.

अठराव्या शतकांत आफ्रिकेस वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाचा मार्ग १०,००० सागरी मैलांहून अधिक लांब होता. प्रवासास पांच-सहा महिने सहज लागत. या विलंबाचा परिणाम पाहा. मार्च १७७५ मध्यें मुंबईकर इंग्रजांनीं राघोबादादांशीं सुरतेचा तह केला. कलकत्तेकरांनीं तो अमान्य करून मार्च १७७६ मध्यें पुणें दरबाराशीं पुरंदरचा तह केला. त्यानंतर त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत कंपनीच्या डायरेक्टरांचें लंडनहून निघालेलें पत्र येऊन थडकलें. त्यांत सुरतेच्या तहास मान्यता होती! मुंबईकरांस पुन्हां जोर चढला, आणि त्याचें पर्यवसान १७७९ सालीं वडगांवच्या रणांत झालें.

पुढें वाफेचें युग आलें. मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्यें निघून सुमारें एका महिन्यांत सुएझला पोंचली. वाट आखूड झाली. पण दाद लागणें सोपें झालें काय? १८३९ सालीं साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह पदच्युत झाले. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथें न्यायासाठीं झगडत राहिले. मध्यंतरीं १८४७ सालीं महाराज काशींत निवर्तले; १८४८ सालीं राज्यही खालसा झालें. तेरा-चौदा वर्षें सरलीं, ती प्रवासांत नव्हेत. ज्यांच्या दारीं ते उभे होते त्यांना ऐकावयाचेंच नव्हतें.

१८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला व १८७० सालीं समुद्रांतून तार मुंबईस पोंचली. महिन्यांचें अंतर आतां आठवड्यांवर आणि निरोपाचें तर तासांवर आलें. मात्र जवळ आला तो लंडनचा हुकूम. आमचें गाऱ्हाणें होतें तेथेंच राहिलें.

विमानाची कथा आरंभीं याहून निराळी नव्हती. १९२९ सालीं लंडन-कराची हवाई टपाल सुरू झालें, तें साम्राज्याच्या सोयीसाठीं. १९३२ सालीं जे. आर. डी. टाटा कराचीहून तें टपाल घेऊन स्वतः विमान हांकीत जुहूस उतरले. पण खरा पालट ८ जून १९४८ चा. त्या दिवशीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गें लंडनला निघालें. स्वतंत्र देशाचें विमान त्याच वाटेनें, पण आपल्या वेळापत्रकानें चाललें होतें.

आजही वेळ केवळ यंत्राच्या हातीं नाहीं. २०१९ सालीं पाकिस्तानचें आकाश कांहीं महिने बंद राहिलें, तेव्हां पश्चिमेकडे जाणाऱ्या आमच्या अनेक विमानांस वळसा घालावा लागला. म्हणून दोन शहरें किती तासांवर आहेत एवढेंच विचारून भागत नाहीं. ती वाट कोणाच्या सोयीनें आंखली, आणि तिच्या पलीकडच्या टोकास आपलें म्हणणें कोणी ऐकतो कीं नाहीं, हेंही विचारलें पाहिजे.